जे ‘नॅचरल’ ते योग्यच का?

इंग्रजीतला ‘नॅचरल’ हा शब्द मराठी घरांत आता परका राहिलेला नाही. साबणाच्या वेष्टनावर तो असतो, फळांच्या रसाच्या बाटलीवर असतो, केसांच्या तेलाच्या जाहिरातीत असतो. डॉक्टरांच्या दाखल्यात ‘नॅचरल डेथ’ लिहिले जाते, कोर्टात ‘नॅचरल जस्टिस’चा दाखला दिला जातो, पूर किंवा भूकंपानंतर ‘नॅचरल कॅलॅमिटी’ म्हणून मदत जाहीर होते. दिसायला हे साधे विशेषण आहे. एखादी गोष्ट कशी आहे एवढेच ते सांगते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते तीन वेगळी कामे करते. बाजारात ते प्रशस्तिपत्र देते, कारण नॅचरल म्हणजे निर्धोक आणि चांगले. नीतीच्या आणि धर्माच्या चर्चेत ते आरोप ठेवते, कारण ‘अननॅचरल’ म्हणजे पाप किंवा विकृती. आणि संकटाच्या वेळी ते माणसाला दोषमुक्त करते, कारण जे नॅचरल त्याला कोणी जबाबदार नाही. एकाच शब्दाने मान्यता, दोषारोप आणि सुटका या तिन्ही गोष्टी होत असतील, तर तो केवळ वर्णन करतो असे म्हणता येत नाही. तो वर्णनाच्या आडून निवाडा देतो. माझे म्हणणे असे की एखादी गोष्ट कशी घडली, एवढेच सांगण्याचा अधिकार या शब्दाला आहे. ती घडावी की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. हा दुसरा अधिकार तो घेतो तेव्हा विचार थांबतो, आणि त्याची किंमत बहुधा दुबळ्यांना मोजावी लागते.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘जन्मणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. जे जन्माबरोबर आले ते नॅचरल. पण पुढे हा अर्थ इतक्या दिशांना पसरला की त्याला एका सूत्रात बांधणे कठीण व्हावे. जुन्या इंग्रजीत ‘नॅचरल चाइल्ड’ म्हणजे दत्तक नव्हे तर पोटचे मूल. पुढे त्याच शब्दांना विवाहबाह्य संबंधातून झालेले मूल असा अर्थ आला. एकेकाळी जन्मतः मंदबुद्धी असलेल्या माणसालाही ‘नॅचरल’ म्हणत. गणितातल्या नॅचरल संख्या, संगीतातला नॅचरल स्वर, जमिनीखालचा नॅचरल वायू, डार्विनने 1859 मध्ये मांडलेली नॅचरल निवड, या प्रत्येक ठिकाणी अर्थ ठरतो तो समोर काय ठेवले आहे त्यावरून. डार्विनची निवड नॅचरल, कारण समोर पशुपालकाने केलेली निवड आहे. न्याय नॅचरल, कारण समोर विधिमंडळाने केलेला कायदा आहे. डेव्हिड ह्यूमने आपल्या ‘ट्रिटाइज’च्या 1740 मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात हेच नेमकेपणाने दाखवले. चमत्काराच्या विरुद्ध म्हटले तर जगात घडणारे सगळेच नॅचरल ठरते. विरळाच्या विरुद्ध म्हटले तर नेहमी घडणारे तेवढे नॅचरल ठरते. माणसाने योजून केलेल्याच्या विरुद्ध म्हटले तर तिसराच अर्थ निघतो. या तिन्ही अर्थांनी पाहिले तरी सद्गुण म्हणजे नॅचरल आणि दुर्गुण म्हणजे अननॅचरल असे समीकरण जुळत नाही, हा त्याचा निष्कर्ष. सर्रास दिसणारा स्वार्थ नेहमीचा म्हणून नॅचरल आहे, आणि असामान्य त्याग विरळ म्हणून अननॅचरल. आपला ‘नैसर्गिक’ हा शब्द आज या इंग्रजी विशेषणाचा भार वाहतो. संस्कृतात ‘निसर्ग’ म्हणजे मुख्यतः अंगचा स्वभाव. नैसर्गिक न्याय, नैसर्गिक आपत्ती, अनैसर्गिक कृत्य हे शब्दप्रयोग इंग्रजीवरून घडले, आणि इंग्रजीतला गोंधळही त्यांच्याबरोबर आपल्याकडे आला.

या प्रश्नावरचा सर्वांत कठोर विचार जॉन स्टुअर्ट मिलच्या ‘नेचर’ या निबंधात आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर, 1874 मध्ये, धर्मावरच्या तीन निबंधांच्या पुस्तकात छापला गेला. मिल म्हणतो, नेचर या शब्दाचे मुख्य अर्थ दोन. पहिल्या अर्थाने जगात जे जे घडते आणि ज्या ज्या शक्ती आहेत ते सर्व नेचर. तसे असेल तर ‘निसर्गाला अनुसरा’ हा उपदेश व्यर्थ आहे, कारण त्याच्या बाहेर कोणाला जाताच येत नाही. विष देणारा आणि उतारा देणारा दोघेही त्याच नियमांनी काम करतात. दुसऱ्या अर्थाने माणसाच्या हस्तक्षेपावाचून जे घडते तेवढे नेचर. तसे असेल तर तो उपदेश घातक आहे, कारण नांगर, बांध, छप्पर, औषध हे सगळे निसर्गाच्या चालीत केलेले फेरफारच आहेत. शिवाय निसर्ग रोज जे करतो ते माणसाने केले तर त्याला आपण फाशी देऊ, असा मिलचा आशय आहे. देवीच्या रोगाचे उदाहरण घेतले की हे स्वच्छ दिसते. तो रोग पूर्णपणे नॅचरल होता. आपल्याकडे तर त्याचे नावच ‘देवी’ पडले आणि तो आईचा कोप किंवा कृपा म्हणून सोसला गेला. त्यावरची लस मात्र माणसाने योजलेली. 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले, तेव्हा कृत्रिमाने नैसर्गिकावर मात केली होती. त्यात काही अमंगल घडले असे कोणीही श्रद्धाळू माणूस आज म्हणणार नाही.

येथे धर्माच्या बाजूने एक गंभीर आक्षेप येतो. निसर्ग ही ईश्वराची निर्मिती असेल तर तिच्या क्रमात ईश्वराची इच्छा वाचता येते, आणि तो क्रम मोडणे म्हणजे त्या इच्छेचा भंग. हा आक्षेप टाळता येत नाही, कारण ‘अगेन्स्ट नेचर’ या शब्दप्रयोगाला पाश्चात्य नीतिविचारात जे वजन मिळाले ते मोठ्या प्रमाणात बायबलमधून आले. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात काही लैंगिक वर्तनाची निंदा आहे आणि ती ‘निसर्गाविरुद्ध’ या शब्दांत आहे. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात रानटी जैतुनाची फांदी तोडून मळ्यातल्या जैतुनाला कलम करण्याची उपमा येते. परराष्ट्रीयांना ईश्वराने आपल्या प्रजेत सामावून घेतले, असा तिचा अर्थ. हे कलमही ‘निसर्गाविरुद्ध’ केले आहे, असे पौल म्हणतो, आणि मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी शब्द तेच आहेत. म्हणजे निसर्गाविरुद्ध जाणे एकदा माणसाचा दोष आहे आणि एकदा ईश्वराची कृपा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातही हेच. एके ठिकाणी पुरुषाने लांब केस राखणे लाजिरवाणे आहे असे निसर्गच शिकवतो, असे तो म्हणतो. पुरुषाचे केस न कापता सोडले तर निसर्गतः वाढतातच, म्हणून इथे निसर्ग म्हणजे त्या समाजाचा रिवाज. दुसऱ्या ठिकाणी, 1611 च्या इंग्रजी भाषांतरात, ‘नॅचरल मॅन’ म्हणजे आत्म्याच्या गोष्टी न कळणारा, अजून उद्धार न झालेला माणूस. एकाच ग्रंथात नॅचरल कधी आदर्श आहे, कधी रूढी आहे आणि कधी ओलांडून जायची पायरी आहे. याचा अर्थ ग्रंथ गोंधळलेला आहे असा नाही. बरेवाईट ठरवण्यासाठी त्याच्यापाशी निसर्गापलीकडचे माप आहे, असा आहे. रॉबर्ट बॉइलसारख्या निष्ठावान ख्रिस्ती शास्त्रज्ञाने 1686 मध्ये नेचरच्या रूढ कल्पनेवर संपूर्ण पुस्तक लिहिले ते याच काळजीने. ईश्वराचा मान या धूसर शब्दाला दिला जातो, ही त्याची तक्रार होती.

कॅथलिक परंपरेचे उत्तर याहून सूक्ष्म आहे आणि ते न्यायाने मांडले पाहिजे. थॉमस अक्विनसच्या विचारात ‘नॅचरल लॉ’ म्हणजे आपोआप घडेल ते नव्हे. माणूस बुद्धी असलेला प्राणी आहे, म्हणून त्याच्या बुद्धीला जे त्याच्या कल्याणाचे दिसते तो त्याचा नैसर्गिक नियम. कपड्यांविषयी अक्विनसने स्पष्ट लिहिले आहे की निसर्गाने माणसाला वस्त्र दिले नाही, ते कलेने शोधले, पण मानवी जीवनाच्या हितासाठी अशी भर घालता येते. हा विचार मला मान्य होण्यासारखा आहे. पण मग निवाडा कोणी दिला? हिताचा विचार करणाऱ्या बुद्धीने दिला, ‘नॅचरल’ या शब्दाने नाही. अडचण येते ती हा शब्द पुन्हा शरीराच्या क्रमाकडे सरकतो तेव्हा. 25 जुलै 1968 च्या ‘ह्युमाने विते’ या पत्रकात पोप पॉल सहावे यांनी स्त्रीच्या वंध्य दिवसांचा हिशेब ठेवून केलेले संततिनियमन ग्राह्य धरले आणि कृत्रिम साधने अग्राह्य. पहिल्या मार्गात निसर्गाच्या क्रमाचा उपयोग आहे, दुसऱ्यात त्याला अडथळा आहे, हे कारण. पण दिनदर्शिका, तापमापक आणि ठरवून पाळलेला संयम यांत माणसाची योजना कमी नाही. महाराष्ट्रात हा वाद त्याआधीच झाला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. गांधीजींचा विरोध होता तो याच ‘कृत्रिम’ साधनांना. डिसेंबर 1935 मध्ये वर्ध्याला संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांच्याशी झालेल्या चर्चेतही त्यांनी ब्रह्मचर्याचाच आग्रह धरला. आता ब्रह्मचर्य हे व्रत आहे, अंगच्या ओढीवर मिळवलेला विजय आहे. त्याची थोरवी ते नैसर्गिक असण्यात नाहीच. वारंवारच्या बाळंतपणाने खंगणारी स्त्री समोर ठेवली, तर विचारायचा प्रश्न एकच उरतो. तिच्या जिवाचे, तिच्या इच्छेचे आणि तिच्या मुलांचे हित कशात आहे? साधन नैसर्गिक की कृत्रिम, याने त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

शब्दाचा निवाडा कायद्यात शिरला की काय होते, याचा पुरावा भारताच्याच इतिहासात आहे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतील कलम 377 ने ‘निसर्गाच्या क्रमाविरुद्ध’ संभोग हा जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा ठरवला. निसर्गाचा क्रम म्हणजे काय, हे संहितेने सांगितले नाही. इंग्लंडने स्वतःपुरता हा कायदा 1967 मध्ये सैल केला, आपल्याकडे तो राहिला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये प्रौढांचे संमतीने होणारे संबंध त्यातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल फिरवला, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने असे संबंध गुन्हा नाहीत असा निर्णय दिला. या वादात दुसऱ्या बाजूनेही अनेकदा हाच शब्द वापरला गेला. समलिंगी ओढ प्राण्यांतही आढळते, म्हणून ती नॅचरल आहे आणि म्हणून गैर नाही, असा तो युक्तिवाद. निर्णय मला योग्य वाटतो, तरी हा आधार मला डळमळीत वाटतो. वानरांच्या टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो, हेही प्राण्यांत आढळते. त्यावरून बालहत्या निर्दोष ठरत नाही. संमती, खासगीपण आणि माणसाची प्रतिष्ठा हा त्या निर्णयाचा भक्कम पाया आहे, आणि ती ओढ जन्मजात असो वा नसो, तो ढळत नाही. याउलट वर्तमानपत्रांत लहान मुलांवरच्या अत्याचाराला ‘अनैसर्गिक अत्याचार’ म्हणतात, तेव्हा विशेषण चुकीच्या जागी बोट ठेवते. तिथला गुन्हा बळजबरी हा आहे. जुन्या कलमाने मोजले ते अनैसर्गिकपण, बळजबरी मोजलीच नाही. म्हणून 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम राहिले नाही, तेव्हा प्रौढ पुरुषावर होणाऱ्या लैंगिक बळजबरीसाठी असलेली कायद्याची तरतूदही त्याच्याबरोबर गेली. चुकीच्या शब्दावर उभा केलेला कायदा असतानाही अन्याय करतो आणि जातानाही.

दोषारोपाइतकीच या शब्दाने होणारी सुटकाही तपासली पाहिजे. 1 नोव्हेंबर 1755 रोजी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि ईश्वराच्या न्यायाविषयी युरोपभर वाद पेटला. व्हॉल्तेअरने त्यावर कविता लिहिली. रूसोने पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याला पत्र पाठवून निराळाच मुद्दा काढला. तिथे सहा-सात मजल्यांची हजारो घरे एकाला एक लागून काही निसर्गाने बांधली नव्हती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जे घडले त्याला हा मुद्दा तंतोतंत लागू पडतो. जमीन हलली हे नैसर्गिक. पण सुमारे दहा हजार माणसे मेली, ती मुख्यतः चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची मातीची जड माळवदे कोसळून. ती घरे बांधणाऱ्या गरीब माणसांचा यात दोष नाही. उन्हापासून आणि चोरांपासून ती घरे त्यांना जपत होती, आणि भूकंपाला टिकेल अशा बांधणीचे ज्ञान व पैसा त्यांच्यापर्यंत कोणी पोचवला नव्हता. ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हटले की हा सगळा भाग नजरेआड होतो. हवामान, दरड, पूर यांत निसर्गाचा वाटा किती आणि धोरणाचा किती, हा प्रश्न विचारण्याआधीच शब्द उत्तर देऊन टाकतो.

भारतीय वाचक म्हणेल, हा पाश्चात्यांचा घोळ आहे, आपल्याकडे ‘स्वभाव’ आणि ‘सहज’ यांना धर्मातच मोठे स्थान आहे. ते खरे आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात चारही वर्णांची कर्मे स्वभावातून आलेल्या गुणांनी विभागलेली सांगितली आहेत, आणि जन्माबरोबर आलेले कर्म सदोष असले तरी टाकू नये असेही म्हटले आहे. पण आपल्याच परंपरेत दुसरा प्रवाह तितकाच बळकट आहे. सांख्यांना प्रकृती हे ध्येय नाही, पुरुष तिच्याहून वेगळा आहे हे ओळखणे हे ध्येय आहे. कठोपनिषद श्रेयस आणि प्रेयस वेगळे करते. मनाला आपोआप जे रुचते ते प्रेयस, आणि विवेकाने निवडावे लागते ते श्रेयस. संस्कारांची सगळी कल्पनाच मुळी जन्म पुरेसा नाही या जाणिवेवर उभी आहे. आणि स्वभावाच्या नावाने जे केले गेले त्याचा हिशेब डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडला. जातीची विभागणी माणसाच्या नैसर्गिक कलावर आधारलेली नाही, हे त्यांनी दाखवलेच. पण त्यांचा त्याहून खोल मुद्दा पुढे आहे. माणसे निसर्गतः असमान आहेत असे क्षणभर मानले, तरी त्यांना असमान वागवावे काय, असा प्रश्न त्यांनी केला. समता हे निसर्गाचे वर्णन नसले तरी समाज चालवण्याचे तत्त्व म्हणून ती स्वीकारलीच पाहिजे, असे त्यांचे उत्तर. वर्णन आणि निवाडा यांतले अंतर याहून स्वच्छ क्वचितच कोणी दाखवले असेल. अ‍ॅरिस्टॉटलने काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे म्हटले होते. मिलने 1869 मध्ये स्त्रियांच्या पारतंत्र्यावर लिहिताना म्हटले की ज्यांच्या हाती सत्ता असते त्यांना ती नेहमी नैसर्गिकच वाटते. गुलाम, स्त्री आणि दलित या तिघांवरही हाच एक शब्द लादला गेला, हा योगायोग नाही.

शेवटचा आक्षेप पर्यावरणाच्या आणि आहाराच्या बाजूने येतो, आणि त्याची कळकळ मला पटते. माणसाच्या ढवळाढवळीने नद्या मेल्या, रान उजाड झाले, अन्नात रसायने आली. अशा वेळी ‘नैसर्गिक’ या शब्दाचा आधार काढून घेतला तर लोभाला मोकळे रान मिळेल. पण नीट पाहिले तर नदी राखण्याची कारणे ठोस आहेत. तिच्यात मासे जगतात, काठची गावे ते पाणी पितात, पुढच्या पिढ्यांचाही तिच्यावर हक्क आहे, आणि जे जीव आपण निर्माण केले नाहीत ते संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ही कारणे उच्चारली की युक्तिवाद बळकट होतो. सह्याद्रीतल्या देवराया आज जुन्या नैसर्गिक रानाचे नमुने म्हणून दाखवल्या जातात. त्या टिकल्या त्या गावाने देवाच्या नावाने घातलेल्या बंधनामुळे, म्हणजे माणसाच्या नियमामुळे. आहाराचेही तसेच. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या पदार्थावर नव्या रसायनापेक्षा अधिक विश्वास ठेवणे शहाणपणाचे असू शकते, पण ते शहाणपण दीर्घ अनुभवाचे आहे. धोतरा आणि तंबाखू नैसर्गिकच आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘नॅचरल’ या शब्दाची औपचारिक व्याख्या केलेली नाही, आणि भारतात 2018 च्या नियमांना हा शब्द कोणत्या पदार्थाला लावता येईल याच्या अटी घालाव्या लागल्या. वेष्टनावरच्या या शब्दावरून पदार्थ निर्धोक आहे असे मानता येत नाही.

हा शब्द टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. मृत्यू आजाराने झाला की घाताने, वायू जमिनीतून निघाला की कारखान्यात तयार झाला, हे सांगायला तो हवाच. पण धर्माच्या, नीतीच्या किंवा कायद्याच्या चर्चेत तो आला की वाचकाने दोन प्रश्न विचारावेत. हे नैसर्गिक म्हणजे कशाच्या विरुद्ध? आणि ते तसे आहे म्हणून कोणाचे भले किंवा बुरे होते? पहिल्या प्रश्नाने अर्थ निश्चित होतो, दुसऱ्याने कारण पुढे यावे लागते. कारण असेल तर ते या शब्दावाचूनही उभे राहील. आणि ज्याच्यापाशी या शब्दावाचून दुसरे कारण नाही, त्याला दुसऱ्या माणसावर पापाचा किंवा विकृतीचा शिक्का मारण्याचा हक्क नाही.